घर बांधताना पावसाचं पाणी कुठे जाणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या कडेने वाघोली, मांजरी, आंबेगाव, भूगाव अशा गावांत जिथे कालपरवापर्यंत शेती होती, तिथे आज प्लॉट पडले आहेत. शेतात पडलेलं पाणी बांधाशी थांबायचं, थोडं मुरायचं, उरलेलं चारीने ओढ्याला जायचं. त्याच जागेवर स्लॅब, कोबा आणि पेव्हर ब्लॉक आले की तेच पाणी काही मिनिटांत खालच्या माणसाच्या दारात पोहोचतं. पाच-सात गुंठ्यांवर बंगला, रो हाउस किंवा छोटी इमारत बांधणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक पुणे परिसरातली आहेत. कोकणाचा वेगळा मुद्दा आहे तिथे तो वेगळा सांगितला आहे.

पावसाच्या पाण्याचा विचार नेमका कधी सुरू करायचा?

आर्किटेक्टने पहिली रेघ ओढायच्या आधी. प्रत्यक्षात होतं असं की जोतं होतं, भिंती चढतात, रंग लागतो, आणि उरल्यासुरल्या पैशांत कंपाउंड आणि पार्किंगचा कोबा करायची वेळ येते. त्या दिवशी गवंडी विचारतो, "साहेब, पाणी कुठे काढायचं?" तोवर गेटची उंची, सेप्टिक टँक, जमिनीखालची पाण्याची टाकी, जिना सगळं ठरून गेलेलं असतं. मग पाण्याला जिथे जागा उरली तिथे ते ढकललं जातं, आणि ती जागा बहुतेक वेळा शेजाऱ्याची असते.

म्हणून आधी लेव्हल काढा. पाच गुंठ्यांच्या प्लॉटला त्यासाठी मोठा सर्व्हे लागत नाही. पाण्याची नळी घेऊन दोन जाणती माणसं ते काम अर्ध्या दिवसात करतात. चारही कोपरे, मधला भाग, समोरच्या रस्त्याचा मध्य, रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचा तळ आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची जमीन, एवढ्यांची उंची एका कागदावर लिहा. गटाराच्या तळाची उंची घ्यायला लोक हमखास विसरतात, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर बसतं. प्लॉटचा सर्वांत खालचा कोपरा कळला की तिथे वीज मीटर, पाण्याची टाकी किंवा तळघराचं तोंड येणार नाही, एवढं आर्किटेक्टला ठासून सांगा.

प्लॉट अजून घेतलेला नाही. घेण्याआधी काय पाहावं?

एकदा तरी भर पावसात जाऊन या. एजंट प्लॉट दाखवतात ते बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यात, सगळं कोरडं ठणठणीत असताना. ते जमत नसेल तर खुणा वाचा: कुंपणाच्या तारेत अडकलेला पालापाचोळा, भिंतींवरची मातकट रेघ, एका बाजूला साचलेला बारीक गाळ, भर उन्हाळ्यात फक्त एका पट्ट्यात टिकलेली हिरवळ.

मग कागद पाहा. मूळ गटाचा गाव नकाशा काढा आणि त्यावर ओढ्या-नाल्याची रेघ आहे का ते बघा. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, क्षेत्र दाखवलं असेल तर ते कशामुळे, हे तलाठ्याला विचारा. कित्येकदा ती ओढ्याखालची जमीन असते. नदीजवळ असाल तर पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि त्यातली मुख्य अट म्हणजे जोतं लाल पूरपातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. "25 वर्षांतून एकदा" याचा अर्थ पुढची 24 वर्षं निश्चिंत राहा असा होत नाही. दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता 4 टक्के असते, आणि लागोपाठ दोन वर्षंही तो येऊ शकतो.

प्लॉटमधून एक कोरडा ओढा जातो. त्याला वर्षभर पाणी नसतं. बुजवला किंवा पाइप टाकून वर भराव केला तर चालेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहावं.

ओढा दहा महिने कोरडा असतो, कारण त्याचं काम दोन महिन्यांचं असतं, आणि त्यातलंही खरं काम काही तासांचं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात असाच काही तास पाऊस कोसळला. कात्रजच्या डोंगरातून निघून दांडेकर पुलाजवळून मुठेकडे जाणारा आंबिल ओढा, ज्याला एरवी लोक गटार म्हणत होते, तो घराघरांत शिरला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, सोसायट्यांच्या सीमाभिंती वाहून गेल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि आसपासच्या भागात मिळून 20 हून अधिक जीव त्या पुरात गेले. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण ओढ्याची रुंदी जागोजाग कमी झाली होती, काठावर भराव पडले होते आणि कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्या, कचऱ्याने भरले होते, हेही तितकंच खरं आहे.

पाइपचं गणित करून पाहा. तुमच्या प्लॉटच्या वर एक चौरस किलोमीटरचा पाणलोट आहे, म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी या ओढ्यात उतरतं, असं धरा. ताशी 50 मिमी पाऊस पडला आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून आलं, तरी सेकंदाला सुमारे 7,000 लिटर पाणी येतं. दर 100 मीटरला 1 मीटर उताराने टाकलेला 900 मिमी व्यासाचा ह्यूम (सिमेंटचा) पाइप पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला 2,000 लिटरसुद्धा नेत नाही. म्हणजे असे चार पाइप लागतील, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाशी जरी गादी किंवा झाड अडकलं तरी उरलेलं पाणी तुमच्या बैठकीच्या खोलीतून वाट काढणार. पाणलोट एक चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असेल, आणि डोंगरपायथ्याला तो सहज असतो, तर आकडा त्याच पटीने वाढतो.

कायद्यानेही नैसर्गिक प्रवाह परस्पर बुजवता किंवा वळवता येत नाही. त्याच्या काठापासून मोकळं अंतर सोडावंच लागतं. बिल्डर "आपण बघून घेऊ" म्हणाला तर तो काय बघणार आहे ते लेखी मागा. ओढा प्लॉटच्या मधून जात असेल तर नकाशा ओढ्याभोवती बेतावा: त्या पट्ट्यात बाग, चालायची वाट, बांबू, करंज ठेवावेत आणि घर उंच बाजूला न्यावं.

माझ्या प्लॉटवर पाणी किती येणार, हे कसं काढायचं?

एक गोष्ट पाठ ठेवा: एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. पुढचं सगळं तिथून निघतं.

पाच गुंठे म्हणजे सुमारे 500 चौरस मीटर. त्यात 200 गच्ची, 150 पार्किंग आणि वाटा, 150 बाग असं समजू. जोर धरायचा ताशी 50 मिमी. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिमीसाठी बांधलेली होती. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी गटारं सुधारण्याच्या प्रकल्पात तो आकडा 50 केला गेला, म्हणून घरगुती कामालाही तोच धरावा असं माझं मत आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता. तेवढ्यासाठी कोणी घर बांधू शकत नाही, पण तसा दिवस उगवला तर पाणी कुठून बाहेर पडेल याचा विचार मात्र करता येतो.

आता पृष्ठभाग. गच्चीवरचं जवळपास सगळं पाणी, 95 टक्के, खाली येतं: तासाला 9,500 लिटर. कोबा किंवा फरशी 85 टक्के देते: सुमारे 6,400 लिटर. बाग 30 टक्के: 2,250 लिटर. बेरीज 18,000 लिटरच्या पुढे. हाच प्लॉट मोकळा, गवताळ मुरमाड होता तेव्हा 35 टक्क्यांनी पावणेनऊ हजार लिटर जात होते. म्हणजे बांधकामामुळे तासाला साधारण नऊ-साडेनऊ हजार लिटर जास्तीचं पाणी तुम्ही रस्त्यावर सोडणार आहात. तुमच्या वाट्याचं काम एवढंच: ते जास्तीचं पाणी काही काळ आपल्या हद्दीत धरून ठेवायचं, त्यातलं जमेल तेवढं मुरवायचं आणि बाकीचं सावकाश सोडायचं. आळीतल्या पन्नास प्लॉटधारकांनी असं केलं नाही तर तासाला साडेचार लाख लिटरपर्यंत जास्तीचं पाणी एकाच गटाराच्या तोंडाशी येतं.

हे टक्के जुलैच्या पहिल्या आठवड्याचे समजा. महिनाभर झड लागून जमीन तुडुंब झाली की बागही 50-60 टक्के पाणी सोडायला लागते. परतीचा पाऊस जास्त त्रास देतो त्याचं एक कारण हेच: तेव्हा जमिनीचं पोट आधीच भरलेलं असतं.

रिचार्ज पिट, म्हणजे पाणी मुरवायचा खड्डा, केला की काम झालं ना? मंजुरीत तेवढंच मागतात.

मंजुरीचं काम होतं, पाण्याचं होत नाही. नेहमीचा खड्डा 1.2 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि 2 ते 2.5 मीटर खोल असतो. मापाने तो 3.6 घनमीटर भरतो, पण आत खडी आणि वाळू असते, त्यामुळे पाण्याला जागा उरते फार तर 1,400 लिटर. वर काढलेल्या नऊ-साडेनऊ हजारांसमोर तो नऊ मिनिटांत... खरं तर सगळं पाणी त्यातच वळवलं तर त्याहूनही लवकर भरतो.

खड्डा करू नका असं मुळीच म्हणत नाही. त्याच्यासोबत आणखी दोन गोष्टी करा. एक, मार्जिनमधून, म्हणजे घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेतून, लांब खडीचा चर काढा. 12 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 1 मीटर खोल चरात स्वच्छ 40 मिमी खडी भरली तर सुमारे 2,900 लिटर पाणी मावतं, आणि त्याच्या दोन्ही भिंती पाणी पितात. दोन, गच्चीचं पाणी धरायला पाच हजार लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि तिच्या तळाशी जाणीवपूर्वक बारीक, 25-30 मिमीचं निकासाचं भोक द्या. पाऊस कोसळतो तेव्हा टाकी भरत जाते, नंतरच्या दीड-दोन तासांत आपोआप रिकामी होते आणि पुढच्या सरीला तयार राहते. वापरासाठी साठवण्याची टाकी वेगळी. ती भरलेली बरी आणि ही रिकामी बरी. दोन्ही कामं एकाच टाकीकडून करून घ्यायला गेलात तर पावसाळ्यात ती कायम भरलेली राहील आणि ऐन वेळी एक थेंबही धरणार नाही.

प्रत्येक खड्ड्याला, चराला आणि टाकीला वरून वाहून जाण्याची वाट द्या. भरल्यावर पाणी कुठे जाईल, याचं उत्तर नकाशावर बाणाने दाखवलेलं असलं पाहिजे.

आमच्या जमिनीत पाणी मुरेल का?

हे जमिनीलाच विचारा. दोन-अडीच फूट खोल, फूटभर रुंद खड्डा काढा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. ताशी 25 मिमी किंवा जास्त उतरत असेल तर चर आणि खड्डे चांगले चालतील. 12-15 मिमीसुद्धा उतरत नसेल तर मुरवण्याच्या भरवशावर राहू नका. धरून सावकाश सोडण्यावर भर द्या. पहिल्या भरणीचा आकडा घेऊ नका, कोरडी माती सुरुवातीला खोटी तहान दाखवते.

काळी चिकण माती फसवी असते. मे महिन्यात तिला हातभर भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे पहिला वळीव ती गटागटा पिते. आठवड्याभरात फुगून भेगा मिटतात आणि मग पाणी वरच तरंगतं. शिवाय ती फुगताना जोत्याला उचलते, आकसताना सोडते, म्हणून काळ्या मातीत घराजवळ मुरवण्याचा खड्डा घेऊच नये. काळीचा थर चार-पाच फुटांचा असेल आणि खाली मुरूम लागत असेल, तर खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि काळीच्या उंचीपर्यंत त्याला बाजूने विटांचं किंवा पाइपचं अस्तर द्यावं.

मुरूम चांगला. मांजऱ्या खडकात, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या बेसाल्टमध्ये, तो झिजलेला आणि फुटलेला असेल तर पाणी उतरतं. काळा अखंड पाषाण लागला तर पाणी तिथेच थांबतं, मग खड्डा आणखी खोल करून उपयोग नाही. एकाच लेआउटमधल्या दोन प्लॉटांत हे चित्र वेगळं असू शकतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून स्वतःचा ठरवू नका. जमीन कशीही असो, खड्डा पायापासून निदान 3 मीटर दूर हवा.

कोकणात गोष्ट निराळी. तिथे वर्षाला 3,000 मिमीच्या घरात पाऊस असतो आणि जांभा पाणी चटकन आत घेतो. पण ते खाली कुठल्यातरी थरावरून घसरत जाऊन उताराला पाझर म्हणून बाहेर पडतं. डोंगर कापून सपाटी केलेल्या प्लॉटवर, कापलेल्या कड्याच्या वर शोषखड्डा घेणं म्हणजे दरडीला निमंत्रण आहे. तिथे कड्याच्या माथ्यावरून पक्की चारी काढून पाणी बाजूने खाली उतरवणं हाच मार्ग.

गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर?

चालतं, पण फक्त गच्चीचं आणि गाळूनच. पार्किंगचं, अंगणाचं, रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीही जाऊ नये. त्यात ऑइल, माती, कुत्र्या-मांजरांची घाण असते, आणि एकदा खडकात गेलेली घाण उपसून काढता येत नाही. पहिल्या पावसाचं पाणी वेगळं काढायचा व्हॉल्व्ह लावा. पहिले 2 मिमी सोडून द्यायचे म्हटलं तर 200 चौरस मीटरच्या गच्चीला ते फक्त 400 लिटर होतात. सेप्टिक टँकचा शोषखड्डा बोअरपासून 15 मीटरच्या आत असेल तर बोअरचं पुनर्भरण नको.

पुण्यात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस धरला तर या गच्चीवरून लाखाहून जास्त लिटर पाणी मिळतं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही याची किंमत वेगळी सांगायला नको.

पावसाचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडला तर स्वस्तात काम होतं. जोडू का?

जोडू नका. सांडपाण्याची लाइन तेवढ्या पाण्यासाठी बनलेलीच नसते. मुसळधार पावसात ती भरते, आणि सर्वांत खालच्या घराच्या संडासातून व चेंबरच्या झाकणातून मैला बाहेर येतो. ते घर कदाचित तुमचं नसेल, पण कोणाचं तरी असतंच. पावसाळी वाहिनी आणि ड्रेनेज लाइन पहिल्यापासून वेगळ्या ठेवा, आणि चेंबरच्या झाकणांवर रंगाने खूण करा, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणारा प्लंबर चुकणार नाही.

पेव्हर ब्लॉकमधून पाणी मुरतं, मग तेवढं पुरे नाही का?

खाली काय आहे त्यावर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी आधी पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, करून त्यावर कच पसरतात आणि ब्लॉक बसवतात. ते पाणी मुरवायच्या दृष्टीने कोबाच झाला. खरोखर मुरवायचं असेल तर खाली पीसीसी न करता खडीचा थर द्या आणि फटी रुंद ठेवा, किंवा मध्ये गवत उगवणारे जाळीदार ब्लॉक वापरा. वरच्या उदाहरणात पार्किंग आणि वाटा अशा केल्या तर तिथलं वाहतं पाणी तासाला 6,400 वरून साडेतीन हजारांपर्यंत येतं. गाडीला कोबा फक्त चाकांखाली लागतो. दोन पट्टे पक्के करा, मधला भाग मोकळा सोडा.

जोतं किती उंच ठेवावं?

आजच्या रस्त्यावरून उंची ठरवू नका, पंधरा वर्षांनंतरच्या रस्त्यावरून ठरवा. आपल्याकडे जुना थर न खरवडता डांबरावर डांबर, नंतर त्यावर काँक्रीट असा रस्ता चढत जातो, आणि ज्या घराला रस्त्यावरून दोन पायऱ्या चढाव्या लागत होत्या त्याच घरात पायरी उतरून जावं लागतं. मी स्वतः रस्त्याच्या मध्यापासून 60 सेंटिमीटरपेक्षा कमी जोतं कोणाला सुचवत नाही.

उंच जोतं म्हणजे सगळ्या प्लॉटवर भराव असं मात्र नव्हे. भराव घराखाली घाला, अंगण जुन्या पातळीजवळ ठेवा. अख्खा प्लॉट दीड मीटर उचलला की तुमचं घर वाचतं आणि शेजाऱ्याचं अंगण तळं होतं. घराभोवतीच्या पहिल्या 3 मीटरमध्ये जमिनीला बाहेरच्या दिशेने 15 सेंटिमीटर ढाळ द्या. कोब्याला 60 ला 1 ढाळ पुरतो.

पाइपबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. वरच्या प्लॉटचं 18,000 लिटर म्हणजे सेकंदाला फक्त 5 लिटर. 150 मिमीचा पाइप 100 ला 1 ढाळाने टाकला तर त्याच्या तिप्पट पाणी नेतो. पाणी तुंबतं ते पाइप लहान असल्यामुळे क्वचितच. जाळीवर पानं बसतात, किंवा पाइपचं शेवटचं टोक रस्त्याच्या गटारापेक्षा खाली पडतं आणि गटाराचं पाणीच उलटं आत येतं. म्हणून गटाराच्या तळाची उंची पहिल्याच दिवशी घ्यायला सांगितली.

तळघरात पार्किंग आहे. रॅम्पवरून पाणी आत येणार नाही यासाठी काय करावं?

रॅम्प रस्त्यापासून सरळ खाली उतरवू नका. तोंडाशी आधी 20-25 सेंटिमीटर चढ द्या, मग उतार सुरू करा. चढाच्या बाहेर पूर्ण रुंदीची जाळीची चारी आणि रॅम्पच्या पायथ्याशी दुसरी चारी घ्या. तळघरात विजेचे मुख्य पॅनल ठेवू नका. पाणी भरलेल्या तळघरात गाडी काढायला उतरलेली माणसं दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. रखवालदाराला आणि मुलांना आधीच बजावून ठेवा की पाणी शिरू लागलं की गाडी सोडून वर यायचं.

वरच्या प्लॉटचं पाणी आमच्याकडे येतं. त्यांना थांबवता येईल का?

दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. उतारावरून नैसर्गिकपणे पसरत येणारं पावसाचं पाणी खालच्या जमिनीने घ्यायचं असतं. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 7 मध्ये हा वरच्या मालकाचा हक्क उदाहरणासह दिला आहे. म्हणून आडवी भिंत घालून ते अडवणं तुमच्या अंगाशी येऊ शकतं. पण वरच्याने गच्चीचं, कोब्याचं पाणी गोळा करून पाइपने तुमच्या भिंतीशी सोडलं, तर तो नैसर्गिक प्रवाह राहत नाही. त्याविरुद्ध महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे तक्रार करता येते आणि दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते.

जमीन शेतीची असेल आणि कोणी पाण्याची नैसर्गिक वाट अडवली असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. बिगरशेती प्लॉटला हा मार्ग सहसा लागू पडत नाही.

माझा सल्ला मात्र आधी बोलण्याचा. पावसाळ्यापूर्वी दोघांनी मिळून सामाईक हद्दीने एक चारी काढली आणि खर्च अर्धा-अर्धा केला, तर तो वकिलाच्या पहिल्या फीपेक्षा कमी येतो. काय ठरलं ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. उद्या घर विकलं गेलं तर नव्या मालकाला दाखवता येतं.

उतारावरच्या प्लॉटला संरक्षक भिंत बांधतोय. तिचा पाण्याशी काय संबंध?

जिवाचा संबंध आहे. भिंत मातीच्या भारापेक्षा मातीत भरलेल्या पाण्याने जास्त लवकर पडते. दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे पूर्ण पाणी भरलं तर दर मीटर लांबीवर जवळपास दोन टन जोर एकट्या पाण्याचा येतो, आणि मातीचा भार त्याशिवाय. जून 2019 मध्ये कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत रात्री पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले, त्यांत लहान मुलं होती.

भिंतीत दीड-दीड मीटरवर 75 ते 100 मिमीचे वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, ठेवा, त्यांच्यामागे जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड) आणि फूटभर खडीचा उभा थर द्या. मागून नुसती माती लोटली तर भोकं एका पावसाळ्यात बंद होतात. भिंतीच्या माथ्यावरून पाणी वाहू देऊ नका. तिथे चारी घ्या. आणि मीटरभरापेक्षा उंच भिंतीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्या. इथे ठेकेदाराच्या अनुभवावर सोडू नये. भिंतीच्या पलीकडे कोण राहतं ते एकदा स्वतः जाऊन पाहा.

बांधकाम चालू असतानाच पावसाळा आला तर?

खोदाई आणि भरावाची कामं मृगाआधी संपवा. राहिलीच तर खोदलेल्या मातीचा ढीग उताराच्या वरच्या अंगाला, गटारापासून दूर ठेवा, ताडपत्रीने झाका आणि त्याच्या खालच्या बाजूला मातीने भरलेल्या गोण्यांची ओळ लावा. रस्त्यावर टाकलेली वाळू आणि कच पहिल्या सरीत गटारात जाते, आणि मग सगळी आळी तुंबते. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं तर उपसताना गढूळ पाणी थेट गटारात सोडू नका. आधी एखाद्या खड्ड्यात गाळ बसू द्या. खोल खड्ड्याभोवती कुंपण हवंच. साचलेल्या पाण्यात मुलं बुडतात.

बागेत पाणी साठवलं तर डास होतील का?

पाणी दोन दिवसांत जिरत असेल तर नाही. डेंगीचा डास अंड्यापासून तयार व्हायला आठवडाभर घेतो. बागेचा एक भाग 15-20 सेंटिमीटर खोलगट करा, माती भुसभुशीत ठेवा, कर्दळ, वाळा, अळू लावा आणि गच्चीचा एक पाइप तिथे सोडा. धोका असतो तो झाकण नसलेल्या टाकीत आणि ढाळ चुकलेल्या गच्चीवर.

नियम काय सांगतात?

मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात डिसेंबर 2020 पासून यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, लागू आहे. त्यानुसार 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पुणे महापालिका अशा व्यवस्थेला करात 5 टक्के सवलत देते. सौरऊर्जा किंवा गांडूळखत प्रकल्पही असेल तर 10 टक्के. प्लॉट चार गुंठ्यांचा असेल तर सक्ती नाही, पण पाणी तेवढंच पडतं.

आमची सोसायटी जुनी आहे. पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरतं. आता काय करता येईल?

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. पुढच्या मोठ्या पावसात दोन सभासदांनी छत्री घेऊन खाली उभं राहावं आणि मोबाइलवर चित्रीकरण करावं: पहिलं पाणी गेटमधून येतं, चेंबरमधून उसळतं की गच्चीच्या पाइपमधून पडतं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. गेटमधून येत असेल तर तोंडाशी चढ आणि जाळीची चारी. चेंबरमधून येत असेल तर गच्चीचे पाइप ड्रेनेजला जोडलेत का ते तपासा. एका पाइपात रंगाचं पाणी ओतलं की लगेच कळतं. गच्चीचं असेल तर ते पार्किंगवर न सोडता थेट चरात किंवा टाकीत न्या.

बिल्डरकडे पावसाळी वाहिनीचा मंजूर नकाशा मागा. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागातून प्रत काढा. कित्येकदा वाहिनी जमिनीखाली असते आणि वर कोणीतरी फरशी टाकून चेंबर बुजवलेले असतात. एप्रिलमध्ये ते उघडून साफ केले तरी निम्मा त्रास जातो. पंप सर्वांत शेवटी घ्या. त्याची गरज लागते तेव्हाच नेमकी वीज गेलेली असते, म्हणून तो जनरेटरच्या लाइनवर ठेवा, आणि त्याचं पाणी रॅम्पच्या चढाच्या पलीकडे पडेल असं पाहा. नाहीतर रात्रभर तेच पाणी पुन्हा खाली येत राहतं.